नाइकाच्या हातात काय होतं?

देवगड बंदरात ट्रॉलर लागतात तेव्हा जेट्टीवर सगळ्यांत कमी बोलणारा माणूस बहुधा तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख असतो. आरडाओरडा लिलाववाल्यांचा, घाई टेम्पोवाल्यांची. खलाशाला दंड करायचा कुठलाही लेखी अधिकार तांडेलाला नाही. भर समुद्रात एखाद्याने ऐकलं नाही तर तो करणार काय? फार तर बंदराला लागल्यावर मालकाच्या कानावर घालेल, पुढच्या फेरीला ह्याला नको म्हणेल. तरीही जाळं ओढायची हाक आली की गाढ झोपेतला माणूस उठून दोराला हात लावतो. हा हुकूम चालतो कशाच्या जोरावर, हे कोडं लष्करातल्या नाईक-हवालदारांच्या बाबतीतही साडेतीनशे वर्षं तसंच आहे.

सारंग, तांडेल, खलाशी ही उतरंड मराठा आरमाराची, आणि इंग्रजांनीही आपल्या मरीन खात्यात ती उचलली. जमिनीवरची उतरंड सभासदाच्या बखरीत सापडते. पायदळात नऊ पाइकांवर एक नाईक, पाच नाइकांवर एक हवालदार, त्यावर जुमलेदार. किल्ल्यावर मात्र हवालदार एकटा धनी नव्हता. सरनोबत आणि सबनीस त्याच्या बरोबरीचे, म्हणजे हुकूम देणाऱ्या हातावर दुसरे दोन हात ठेवलेलेच.

राज्याभिषेकाच्या आसपास चिपळूणजवळच्या हलवर्ण्याच्या छावणीला शिवाजी महाराजांनी एक पत्र धाडलं. ते शाळेत शिकवतात ते रयतेच्या भाजीच्या देठासाठी. मला त्याचा मायनाच जास्त महत्त्वाचा वाटतो. पत्र सेनापतीला नाही, जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना आहे. गवत पावसाळाभर पुरवा, चुली आणि चिलमी सांभाळा, दिव्याची वात उंदीर ओढून नेईल आणि गंजी पेटतील, घोडी मरतील, मग ते पाप तुमच्या माथी, असा त्याचा सूर आहे. कोणाला किती फटके मारावेत याचा त्यात हिशेब नाही. शिपायाच्या चुकीचा जाब हवालदाराकडून घेतला जाईल, एवढंच आहे. खालच्या अधिकाऱ्याला अधिकारापेक्षा जबाबदारी जास्त देण्याची रीत आपल्याकडे इतकी जुनी आहे.

1756 साली विजयदुर्ग तुळाजी आंग्र्यांच्या हातून गेला, नंतर पेशव्यांकडे आला, त्यांच्या धुळप सरदारांनी तिथून आरमार चालवलं, आणि 1818 नंतर सगळाच किनारा कंपनीचा झाला. आरमार संपलं तशी इथली माणसं मुंबईच्या फौजेत शिरली. दक्षिण कोकणातल्या मराठा आणि महार शिपायांवर ती फौज बऱ्याच अंशी उभी होती. नाईक, हवालदार, जमादार, सुभेदार हे शब्द तसेच राहिले, अर्थ बदलले. सगळ्यांत जुना सुभेदारसुद्धा कालच बोटीतून उतरलेल्या गोऱ्या पोराच्या खाली.

एक गोष्ट मात्र सहसा सांगितली जात नाही. कंपनीच्या काळात शिपायावर खटला चालला तर नेटिव्ह कोर्टमार्शलमध्ये सुभेदार-जमादार न्यायाला बसत. इंग्रज अधिकारी कामकाज चालवी, पण दोषी की निर्दोष हे मत एतद्देशीय अधिकारी देत. फटक्यांची शिक्षा गव्हर्नर-जनरल बेंटिंकने 1835 मध्ये बंद केली, 1845 मध्ये ती परत आली आणि हिंदी फौजेतून कायमची गेली 1920 साली. 1857 नंतर मात्र सगळा अधिकार पलटणीच्या कमान अधिकाऱ्याकडे गोळा झाला. समरी कोर्टमार्शल ही हिंदी फौजेची खास चीज तेव्हाच रुजली. त्यात एकटा कमान अधिकारी म्हणजेच न्यायालय. ते आजही 1950 च्या आर्मी ॲक्टमध्ये आहे. शेजारी दोन जण बसतात, अधिकारी किंवा ज्युनिअर कमिशन्ड अधिकारी (म्हणजे सुभेदार वगैरे), पण त्यांना ना शपथ ना मत. ज्या सुभेदाराचा पूर्वज निकाल द्यायचा, तो आता खुर्ची भरायला असतो. याला प्रगती म्हणायचं का, मला शंका आहे.

आता नाइकाकडे येऊ. याच कायद्यात ‘वरिष्ठ अधिकारी’ या व्याख्येत ज्युनिअर कमिशन्ड अधिकारी आणि नाईक-हवालदारही येतात. त्यामुळे नाइकाचा कायदेशीर हुकूम जवानाने मोडला तर तो कलम 41 चा गुन्हा, शांततेच्या काळातही पाच वर्षांपर्यंत कैद. कलम 101 प्रमाणे आरोप असलेल्या जवानाला लष्करी ताब्यात घ्यायचा हुकूम वरिष्ठ या नात्याने नाईकही देऊ शकतो. मग कमान अधिकाऱ्याला खबर गेल्यावर सर्वसाधारणपणे 48 तासांच्या आत चौकशी व्हायला हवी. पण स्वतः एक दिवसाची जादा ड्युटी लावायची म्हटलं तर? ते कलम 80 चं काम, आणि ते कमान अधिकाऱ्याचं किंवा तसा अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याचं. लाइनबंदी (छावणीबाहेर जायला मनाई) 28 दिवसांपर्यंत, ताकीद, पगारातून दंड, सगळं त्याच्या टेबलावर. आणि नाइकाने हात उगारला तर कलम 47 आहे, सात वर्षांपर्यंत.

थोडक्यात, नाइकाचा शब्द मोडणं गुन्हा, आणि तो शब्द पाळून घेण्यासाठी त्याच्या हातात जवळजवळ काहीच नाही. ही पोकळी बराकीने आपल्या पद्धतीने भरली, तिचं नाव रगडा. पाठीवर पिठ्ठू घेऊन मैदानाच्या फेऱ्या, कोलांट्या. कायद्याच्या यादीत यातलं काही नाही. प्रशिक्षण म्हणून केलं तर चालून जातं, शिक्षा म्हणून केलं आणि कोणी तक्रार केली तर नाइकाचीच पेशी.

हुकूम कशाच्या जोरावर चालतो, या प्रश्नाचं सगळ्यांत मोठं उत्तर मुंबईत, नौदलात मिळालं. रॉयल इंडियन मरीनची भरती फार काळ रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून होत आली होती आणि देवगड तेव्हा त्याच जिल्ह्यात होतं. 1934 मध्ये मरीनचं नौदल झालं आणि शिस्तीचा कायदा ब्रिटिश नौदलाचा लागू झाला. महायुद्धात देशभरातली शिकलेली पोरं भरली गेली. कुलाब्याच्या ‘तलवार’ या सिग्नल शाळेत फेब्रुवारी 1946 मध्ये कमांडर किंगने रेटिंग्जना, म्हणजे साध्या नौसैनिकांना, जातीवरून, जन्मावरून शिव्या घातल्या. त्यांनी नियमाप्रमाणे एकेकट्याने तक्रारी नोंदवल्या. सुनावणी कोणापुढे? किंगपुढेच. खोटी तक्रार हाही गुन्हा आहे, ही समज वर. 18 तारखेला जेवणावर बहिष्कार पडला आणि पुढच्या काही दिवसांत 78 जहाजं आणि सुमारे वीस हजार रेटिंग्ज संपात उतरले.

संपाच्या समितीचे अध्यक्ष एम. एस. खान हे लीडिंग सिग्नलमन, उपाध्यक्ष मदन सिंग हे पेटी ऑफिसर टेलिग्राफिस्ट. म्हणजे नौदलातले नाईक-हवालदारच. ज्यांनी रेटिंग्जना ओळीत उभं करायचं, त्यांनीच ओळ फिरवली, आणि वीस हजारांनी ती मानली. 23 फेब्रुवारीला सरदार पटेलांच्या सल्ल्यावरून समितीने शरणागती ठरवली, तेव्हा तीही मानली गेली. शिव्या देणाऱ्या कमांडरच्या हाती कायद्यातली सगळी कलमं होती. खान यांच्या हाती एकही नव्हतं.

स्वतंत्र भारताने 1950 मध्ये आर्मी ॲक्ट आणि 1957 मध्ये नेव्ही ॲक्ट केला. गोरा साहेब गेला, पण रचना तीच राहिली. अलीकडचा बदल 2023 चा, तिन्ही दलांच्या संयुक्त ठाण्यांबद्दलचा. अंदमानसारख्या संयुक्त कमांडमध्ये नौसैनिकावर कारवाई करायची तर प्रकरण त्याच्या मूळ दलाकडे पाठवावं लागे. आता तिथला प्रमुख, तो कुठल्याही दलाचा असो, स्वतः कारवाई करू शकतो. मे 2024 पासून हा कायदा लागू आहे. गरजेचा होता, यात वाद नाही. पण अधिकार वाढला तो पुन्हा वरच्याचाच.

2023 मध्येच 4 डिसेंबरला नौदल दिन मालवणला झाला. देवगडातूनही माणसं गाड्या भरभरून गेली होती. नौदलातल्या पदांना भारतीय परंपरेतली नावं देऊ, अशी घोषणा पंतप्रधानांनी तिथे केली. ॲडमिरलांच्या खांद्यावरचं चिन्ह तर राजमुद्रेच्या धर्तीवर बदललंही. खाली लीडिंग सीमनला कोणतं नाव मिळावं याचा विचार करताना कोणी आमच्या जेट्टीवर येऊन गेलं तर बरं. पहाटे चारला या. तांडेल तेव्हा बर्फ मोजून घेत असतो.