विश्लेषण : कापसाच्या ओलाव्यातील ‘एक टक्का’ शेतकऱ्याला कितीला पडतो?

वणी असो, पांढरकवडा असो की राळेगाव. यवतमाळ जिल्ह्यात खरेदी केंद्रावर कापसाची गाडी पोहोचली की आधी मॉइश्चर मीटर लागते आणि मीटरवरचा आकडाच भाव ठरवतो. तो आकडा नेमका वाचायचा कसा?

नियम काय?
२०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आहे. ८ टक्के ओलाव्यापर्यंत ‘सीसीआय’ पूर्ण भाव देते. पुढे प्रत्येक टक्क्यामागे भावात एक टक्का, म्हणजे ८१ रुपये १० पैसे कपात होते. १२ टक्क्यांना भाव उरतो ७,७८५ रुपये ६० पैसे. त्याहून ओला कापूस घेतला जात नाही.

वाढ ४ टक्के की ५० टक्के?
ओलावा ८ वरून १२ वर गेला, तर तो चार ‘टक्के बिंदूं’नी वाढला. पण कापसातले पाणी दीडपट झाले, म्हणजे वाढ ५० टक्के. भाव मात्र ४ टक्केच घटला. कशाचे टक्के, हे आधी विचारावे.

वाळवल्याने फायदा किती?
समजा, १२ टक्के ओलाव्याचा २० क्विंटल कापूस आहे. त्याचे १,५५,७१२ रुपये होतात. तोच वाळवून ८ टक्क्यांवर आणला तर भाव पूर्ण मिळेल, पण पाणी उडून वजन सुमारे १९ क्विंटल १३ किलो राहील. रक्कम होते सुमारे १,५५,१५०. म्हणजे फायदा जवळपास नाहीच! खरा फटका बसतो तो १२ ची रेघ ओलांडल्यावर.

मीटर चुकू शकते?
प्रत्येक मापनात थोडी चूक असतेच. समजा, ती अर्ध्या टक्क्याची आहे. मग ११.६ टक्के ओलाव्याचा कापूस मीटरवर १२.१ दिसू शकतो आणि गाडी परत जाऊ शकते. गाडीतला वरचा कापूस उन्हाने सुकलेला, आतला दमट असतो. त्यामुळे एका जागेचा आकडा अपुरा. तीन ठिकाणी १२.३, ११.७ आणि ११.५ आले, तर सरासरी ११.८ येते.

मात्र मीटरच एक टक्का जास्त दाखवत असेल, तर दहा वेळा मोजूनही चूक जात नाही. आकडे एकसारखे येणे वेगळे आणि बरोबर येणे वेगळे. तिथे दुसऱ्या, तपासलेल्या मीटरशीच ताळा करावा लागतो.

काट्याचे काय?
धर्मकाटा १० किलोच्या टप्प्याने वजन दाखवत असेल, तर २० क्विंटलमागे तो टप्पा अर्धा टक्का, पण २ क्विंटलमागे ५ टक्के ठरतो. थोडा माल लहान काट्यावर मोजलेला बरा. काट्यावर वैधमापन विभागाचा पडताळणी शिक्का आहे ना, तेही पाहावे.

काय करावे?
दव उतरल्यावर वेचणी करा. घरून निघताना ओलावा १२ च्या काठावर नको, ११ च्या आसपास असू द्या. मीटरची संभाव्य चूक त्या एका टक्क्यात सामावते.