मकेरेरे ते कामिरिथू : आफ्रिकी सुशिक्षितांचा भाषानिर्णय

1962 च्या जून महिन्यात कंपाला येथील मकेरेरे विद्यापीठ महाविद्यालयात आफ्रिकी लेखकांची जी परिषद भरली, तिची मर्यादा तिच्या नावातच नोंदलेली होती. ‘इंग्रजीतून अभिव्यक्ती करणाऱ्या आफ्रिकी लेखकांची परिषद’ असे ते नाव. आफ्रिकी साहित्य कशाला म्हणावे हा प्रश्न तेथे चर्चेस घेण्यात आला. परंतु त्या चर्चेत बसावयाचे कोणी, हे आधीच ठरून गेले होते. चिनुआ अचेबे आणि वोले सोयिंका तेथे उपस्थित होते. मकेरेरेचाच न्गूगी नावाचा एक विद्यार्थीही होता. आपल्या पहिल्या कादंबऱ्यांपैकी एकीचे हस्तलिखित त्याने तेथे अचेबे यांना वाचावयास दिले. मात्र योरुबा भाषेत 1938 सालीच कादंबरी प्रसिद्ध करणारे डी. ओ. फागुन्वा या व्याख्येत बसत नव्हते, आणि स्वाहिलीचे श्रेष्ठ कवी शाबान रॉबर्ट हेही बसत नव्हते. रॉबर्ट यांचा अंत त्याच जून महिन्यात झाला.

परिषदेला काँग्रेस फॉर कल्चरल फ्रीडम या संस्थेचे साहाय्य होते. तिची भारतीय परिषद 1951 मध्ये मुंबईत भरली होती, हे काही वाचकांस स्मरत असेल. या संस्थेच्या मागे अमेरिकी गुप्तचर खात्याचा पैसा होता, ही गोष्ट 1966-67 मध्ये उघडकीस आली. एवढ्यावरून मकेरेरेचे सारे विचार विकत घेतलेले होते असा निष्कर्ष काढणे हा आळस होय. तेथील लेखकांचा दोष असेल तर तो निराळा : जी गोष्ट ठरवावयाची होती ती ठरलेलीच आहे असे त्यांनी गृहीत धरले.

या गृहीतावर पहिला आघात नायजेरियाचे ओबी वाली यांनी केला. 1963 मध्ये ‘ट्रान्झिशन’ या नियतकालिकात त्यांचा लेख आला, आणि आफ्रिकी साहित्य एका बंद गल्लीच्या तोंडाशी उभे आहे की काय, असा सवाल त्यांनी केला. इंग्रजी आणि फ्रेंच याच सुशिक्षित आफ्रिकी लेखकाच्या अटळ भाषा होत, ही समजूत कोणतीही चिकित्सा न करता स्वीकारली जात आहे, हा त्यांचा आक्षेप होता. त्यांचा लेख स्वतः इंग्रजीत होता म्हणून त्यांची थट्टा करणे सोपे आहे. परंतु त्यांच्या आक्षेपाचा सारा भार ‘चिकित्सा न करता’ या शब्दांवर आहे, आणि नेमके हेच शब्द त्यांच्या विरोधकांनी वगळून वाचले.

म्हणूनच अचेबे यांची भूमिका वालींच्या तडाख्यात सापडते असे वाटले तरी ती पुरती सापडत नाही. इंग्रजी आपल्या वाट्याला आली आहे, तिचा उपयोग आपण करणार, मात्र आफ्रिकी अनुभव पेलण्यासाठी तिला वाकावे लागेल, असे त्यांनी 1960 नंतरच्या दशकात मांडले. ही शरणागती नव्हती. इग्बो भाषेशी त्यांचे भांडण नव्हते. भांडण होते ते मिशनऱ्यांनी अनेक बोली एकत्र कालवून तयार केलेल्या ‘युनियन इग्बो’शी. 1913 च्या बायबल-भाषांतराने रूढ केलेली ही भाषा कोणाच्याही तोंडची नाही, अशी त्यांची तक्रार होती. ज्याने आपल्या भाषेच्या लिखित रूपाचा इतका बारकाईने विचार केला, त्याचा निर्णय पटो वा न पटो, तो उसना म्हणता येत नाही.

याच काळात एक निराळा निर्णय घेतला गेला, ज्याची साहित्यचर्चेत पुरेशी दखल घेतली जात नाही. मकेरेरे व एडिंबरो येथे शिकलेले ज्युलियस न्येरेरे हे राष्ट्राध्यक्षपदावर असताना शेक्सपिअर स्वाहिलीत आणीत होते. ‘ज्युलियस सीझर’ 1963 मध्ये आले, आणि 1969 मध्ये त्यांनी स्वतःच ते सुधारून पुन्हा काढले. त्याच वर्षी व्हेनिसचा व्यापारी स्वाहिलीत ‘माबेपारी’ होऊन अवतरला. या शब्दात व्यापाऱ्यापेक्षा भांडवलदाराचा अर्थ ठळक आहे, आणि तो अनेकवचनी आहे. शीर्षकाच्या एका शब्दात अनुवादकाने नाटकाकडे कोठून पाहावयाचे हे ठरवून टाकले! स्वाहिली शेक्सपिअरला पेलते की नाही, याचा वाद त्यांनी घातला नाही. परंतु प्राथमिक शिक्षण स्वाहिलीतून देणाऱ्या त्यांच्या टांझानियात माध्यमिक वर्गांत इंग्रजी कायम राहिली. निर्णय घेण्याचे धैर्य आणि तो शेवटास नेण्याचे धैर्य ही दोन असतात.

1968 मध्ये नैरोबी विद्यापीठात न्गूगी वा थ्योंगो, हेन्री ओवुओर-अन्युंबा आणि ताबान लो लियोंग या तीन अध्यापकांनी इंग्रजी विभागच रद्द करावा असे टिपण सादर केले. शेक्सपिअरला हद्दपार करणे हा त्यांचा हेतू नव्हता. अभ्यासाचा मध्यबिंदू कोणता, एवढाच त्यांचा प्रश्न होता. आफ्रिका, तिचे मौखिक वाङ्मय आणि तिच्या भाषा मध्ये ठेवून बाकीचे जग त्यांच्याभोवती मांडावे, असे त्यांचे म्हणणे होते.

तरीही न्गूगी आणखी नऊ वर्षे इंग्रजीतच कादंबरी लिहीत राहिले. बदल घडला तो लिमुरूजवळच्या कामिरिथू या गावी. 1977 मध्ये न्गूगी वा मिरी यांच्यासह त्यांनी गावकऱ्यांसाठी गिकुयू भाषेत एक नाटक लिहिले. तालमीत शेतकरी आणि कामगार संहितेतील भाषा दुरुस्त करू लागले : म्हातारा माणूस असे बोलत नाही, ही म्हण येथे लागत नाही. विद्यापीठाचा अध्यापक येथे विद्यार्थी झाला. प्रयोगांवर बंदी आली आणि वर्षअखेर न्गूगींना अटक झाली. त्याच वर्षीच्या त्यांच्या इंग्रजी कादंबरीत राज्यकर्त्यांवरील टीका काही कमी तिखट नव्हती. तिच्यावर मात्र बंदी आली नाही. कोणती भाषा कोणापर्यंत पोहोचते, याचे ज्ञान शासनाला लेखकांपेक्षा अधिक होते असे म्हणणे प्राप्त आहे.

कामिती तुरुंगात त्यांनी शौचकागदावर गिकुयूतील आपली पहिली कादंबरी लिहिली. ऱ्हस्व-दीर्घ स्वरांतील भेद रूढ लिपीत धड दाखवता येत नव्हता. अर्थाचा गोंधळ टाळण्यासाठी वाक्ये पुन्हा पुन्हा घडवावी लागली. भाषानिष्ठेची भाषणे देणाऱ्यांना या कष्टाची कल्पना नसते. ही कादंबरी 1980 मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा घरांत, बसमध्ये आणि मद्यगृहांतही एकाने वाचावी व इतरांनी ऐकावी असे प्रसंग घडल्याचे न्गूगींनी नोंदवले आहे.

1986 मध्ये त्यांनी इंग्रजीचा निरोप घेत असल्याचे जाहीर केले. जाहीर केले तेही इंग्रजीतच. पुढे 2010 पासून आलेल्या त्यांच्या आठवणींची पुस्तके इंग्रजीत आहेत, कादंबऱ्या मात्र गिकुयूत. ही विसंगती झाकण्याचे कारण नाही. परदेशी विद्यापीठात शिकवणारा निर्वासित कोणासाठी काय लिहितो, हे त्याला प्रत्येक पुस्तकागणिक नव्याने ठरवावे लागले.

न्गूगी 2025 च्या मे महिन्यात निवर्तले. त्याआधी 2016 मध्ये तरुण आफ्रिकी लेखकांच्या ‘जलाडा’ या समूहाने त्यांची एक गिकुयू कथा अनेक आफ्रिकी भाषांत आणली. पुढे ती इतर खंडांतील भाषांत, काही भारतीय भाषांतही, गेली. बहुतेक अनुवादकांसमोर मात्र लेखकाने स्वतः केलेला इंग्रजी अनुवाद होता.