वारशाने आलेली मोटारसायकल आणि मर्यादित अंदाजपत्रक

वारसाहक्काने येणाऱ्या सर्वच गोष्टी मुदत ठेवीच्या पावतीसारख्या सुटसुटीत नसतात. वडिलांच्या पश्चात माझ्या वाट्याला आली ती पुण्यातील आमच्या जुन्या वाड्याच्या पडवीत वीस वर्षे ताडपत्रीखाली उभी असलेली ‘बीएसए एम२०’ ही मोटारसायकल. आजोबांनी ती दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करी सामानाच्या लिलावात घेतली होती. लहानपणी वडील मला पेट्रोलच्या टाकीवर पुढे बसवून शाळेत सोडत. भंगारवाल्याने वजनावर तिचे मोल केले, त्या दिवशी आई काहीच बोलली नाही. फक्त ताडपत्री पुन्हा नीट बांधून आली. गाडी विकायची नाही, हे त्याच दिवशी ठरले. मात्र गृहकर्जाचा हप्ता आणि मुलीच्या शाळेचे शुल्क सांभाळून हे साधायचे कसे, हा प्रश्न होता. आपल्यापैकी अनेकांच्या घरी अशी एखादी वस्तू असेल, म्हणून हा अनुभव.

आधी कागद, मग पाना

नादुरुस्त गाडीवर पैसे खर्च करण्यापूर्वी ती कायद्याने आपली आहे काय, हे पाहावे. मालकाच्या निधनानंतर ३० दिवसांत नोंदणी अधिकाऱ्यास कळवावे लागते आणि तीन महिन्यांच्या आत नमुना ३१ मध्ये हस्तांतरणासाठी अर्ज करावा लागतो. दुःखाच्या भरात आमच्याकडून ही मुदत टळली आणि पुढे विलंबाचा भुर्दंड पडला. गाडीवर आईचा व बहिणीचाही हक्क होता. त्यांची लेखी संमती मी प्रथम घेतली. घरात प्रेम असले तरी संमती कागदावर असावी, हे बँकेच्या नोकरीने शिकवले आहे.

२०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत सुधारणा झाली. प्रथम नोंदणीस ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेल्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांसाठी ‘व्हिंटेज’ असा वेगळा वर्ग करण्यात आला. या नियमांनुसार नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती दहा वर्षे वैध राहते. आधीच नोंद असलेल्या वाहनास जुना क्रमांक ठेवता येतो. सांगाड्यात वा इंजिनात मूलभूत बदल केलेले वाहन या वर्गात बसत नाही, तसेच या वर्गातील वाहन नित्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. सोय म्हणून दुसरेच इंजिन बसवण्याचा सल्ला कोणी दिल्यास हे ध्यानात ठेवावे.

गाडीची ओळख

बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स ही कंपनी १८६१ मध्ये बंदुका बनवणाऱ्या कारागिरांनी स्थापन केली. तिची एम२० ही ४९६ सीसीची एक सिलिंडरची गाडी. महायुद्धात अशा सुमारे सव्वा लाख गाड्या बनल्या. हिच्या झडपा सिलिंडरच्या माथ्यावर नसून बाजूस असतात आणि दाबाचे प्रमाण पाचास एकपेक्षाही थोडे कमी असते. वेग बेताचा, पण हलक्या प्रतीच्या पेट्रोलवरही ती चाले आणि साध्या हत्यारांनी दुरुस्त होई. ही साधी रचनाच आज कमी पैशांत दुरुस्ती करणाऱ्याच्या कामी येते.

माझी चूक

पहिल्या उत्साहात मी हँडल, सायलेन्सर आणि चाकांच्या रिमा क्रोम करून घेतल्या. चौदा हजार रुपये गेले. नंतर मेस्त्रींनी टाकीवरचा काळा रंग हलकेच खरवडला, तेव्हा खाली खाकी रंग निघाला. सांगाड्यावरील क्रमांकाची ‘डब्ल्यूएम२०’ ही अक्षरेही ती युद्धकाळातील असल्याचे सांगत होती. त्या गाड्यांवर असा झगमगाट नव्हताच! इंजिन बंद पडलेले असताना मी चकाकीवर पैसे उधळले होते.

त्यानंतर मात्र मी बँकेतील माणसासारखा वागलो. वैयक्तिक कर्ज सहज मिळाले असते. पण जी वस्तू उत्पन्न देत नाही तिच्यासाठी व्याज भरणे मला पटेना. दरमहा २,५०० रुपयांची २४ महिन्यांची आवर्ती ठेव उघडली. मुद्दल ६०,००० रुपये. त्याची विभागणी अशी : इंजिन (बोअरिंग, नवा पिस्टन, बेअरिंग) २२,०००, टायर, आरे, ब्रेक ११,०००, मॅग्नेटो ७,०००, पुढच्या फोर्कचे बुश ५,०००, वायरिंग, पेट्रोलची नळी व किरकोळ ६,०००, आणि अनपेक्षित खर्चासाठी राखीव ९,०००. दोन वर्षे थांबावे लागले, ते पथ्यावरच पडले. त्या काळात गाडी उघडून, धुऊन, प्रत्येक भाग चिठ्ठी लावून डब्यात ठेवला आणि काय खरोखर बदलावे लागेल ते समजून घेतले.

जेथे पैसे वाचले

या गाडीचे नटबोल्ट जुन्या ब्रिटिश मापाचे आहेत. मिलिमीटरच्या पान्यांनी त्यांची डोकी गोल होतात आणि मग प्रत्येक बोल्ट नवा घडवावा लागतो. पुण्याच्या जुन्या बाजारात व्हिटवर्थ मापाचे पाने मिळाले आणि हा खर्च टळला. टायरचे ३.२५-१९ हे माप जुन्या बुलेटचेही असल्याने ते येथेच मिळाले. फोर्कचे बुश लेथवर करून घेतले.

मॅग्नेटोबाबत मात्र काटकसर करू नये. ठिणगी निर्माण करणाऱ्या या यंत्रास बॅटरी लागत नाही; परंतु त्यातील कंडेन्सर व गुंडाळी जुनी झाल्यावर गाडी थंड असताना सुरू होते आणि तापली की बंद पडते. अशा वेळी कार्ब्युरेटर पुन्हापुन्हा साफ करून उपयोग नाही. गुंडाळी नव्याने भरून कंडेन्सर बदलावा. आजचे इथेनॉलमिश्रित पेट्रोल पाणी शोषते व जुन्या रबरास मारक ठरते. म्हणून नळी त्यास टिकणारी घ्यावी आणि गाडी दीर्घकाळ उभी राहणार असल्यास टाकी रिकामी करावी.

गेल्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी गाडी सुरू झाली. या इंजिनात तेल वेगळ्या टाकीतून जाते आणि पंपाने परत येते. म्हणून लगेच आनंद न मानता मेस्त्रींनी तेलाच्या टाकीचे झाकण उघडून परतीची धार पडते आहे ना, ते पाहिले आणि मगच मान हलवली. रंगाचे पैसे उरले नव्हते. टाकी अजून अर्धी काळी, अर्धी खाकी आहे. दुसऱ्या दिवशी आईने तिच्यावर झेंडूचा हार घातला आणि ताडपत्रीची घडी करून माळ्यावर ठेवून दिली.