छत्रीधारी सैनिकाची चिन्हे आणि सेवापत्रे : महाड-पोलादपूर भागातील साधनांचा विचार

दुसऱ्या महायुद्धाच्या इतिहासाची साधने म्हटली की अभ्यासकाचे लक्ष सरकारी दप्तरांकडे जाते. परंतु या साधनांचा एक मोठा भाग खेड्यापाड्यांतील लोखंडी पेट्यांत पडून आहे, आणि त्याची अद्याप नीट मोजदादही झालेली नाही. सावित्रीच्या खोऱ्यातील महाड व पोलादपूर हे तालुके या दृष्टीने विशेष महत्त्वाचे होत. लष्करी सेवेची परंपरा येथे अनेक जातिसमाजांत आढळते. फौजी आंबवडे हे महाड तालुक्यातील गाव आपल्या नावातच ही परंपरा मिरवते. गोपाळ बाबा वलंगकर हे महाडजवळच्या रावढुळचे, सेवानिवृत्त लष्करी हवालदार. शेजारच्या माणगाव तालुक्यातील नाईक यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ रोजी इटलीत गाजविलेल्या पराक्रमाबद्दल मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

अशा प्रदेशात एखाद्या घरी मरून रंगाची टोपी, मध्ये उघडलेली छत्री व दोन्ही बाजूंस पसरलेले पंख असे कापडी चिन्ह, दोन-तीन पदके आणि घड्यांवर फाटलेला सेवामुक्तीचा कागद एवढा ऐवज मिळणे अशक्य नाही. त्याबरोबर घरातील वडीलधाऱ्यांचे एक वाक्यही बहुधा मिळते : ‘आजोबा बर्मात छत्रीतून उतरले होते.’ हे वाक्य आणि ती वस्तू यांचा मेळ घालणे, हेच संशोधकाचे काम होय. हा मेळ वरवर दिसतो तितका सोपा नाही.

याचे कारण असे की, मराठी सैनिकाचा ‘छत्री’ या शब्दाशी संबंध निदान तीन वेगवेगळ्या मार्गांनी आलेला असू शकतो. १९४१ च्या ऑक्टोबरमध्ये दिल्ली येथे ५० वी भारतीय पॅराशूट ब्रिगेड उभी राहिली. तिच्यातील १५२ वी भारतीय पॅराशूट बटालियन ही निरनिराळ्या पलटणींतून स्वेच्छेने आलेल्या सैनिकांची होती. १५३ वी आणि पुढे १५४ वी या गुरखा बटालियन होत्या. १५२ मध्ये गेलेला सैनिक हा पहिल्या मार्गाचा. त्याने आपली मूळ पलटण सोडलेली असल्याने त्याचे कागद दोन ठिकाणी विभागले जातात.

दुसरा मार्ग अधिक फसवा आहे. मार्च १९४४ मध्ये जपानी सैन्य मणिपूरच्या डोंगरांत उतरले, तेव्हा उख्रूलच्या परिसरात पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी बटालियन होती. ५० वी पॅराशूट ब्रिगेड तेथे येताच ही बटालियन तिच्या हुकमतीखाली आली. पुढे सांगशाक येथे दोहोंनी मिळून, पाण्याची तीव्र टंचाई सोसत, २६ मार्चच्या रात्रीपर्यंत मोर्चा धरला. इंफाळ-कोहिमाच्या संरक्षणास या लढ्याने काही मोलाचे दिवस मिळवून दिले. आता या बटालियनमधील सैनिकाने घरी येऊन ‘आम्ही छत्रीवाल्यांच्या ब्रिगेडमध्ये लढलो’ असे सांगितले असेल, तर ते अक्षरशः खरे होते. मात्र त्याने विमानातून उडी कधीच मारलेली नव्हती. किंबहुना सांगशाकला कोणीच छत्रीने उतरले नाही. छत्रीधारी सैनिकही तेथे पायदळ म्हणूनच लढले. दोन पिढ्यांत ‘छत्रीवाल्यांच्या ब्रिगेडमध्ये’ या पदातील सप्तमी गळून पडते आणि आजोबा ‘छत्रीवाले’ होतात. एवढ्याशा विभक्तिलोपाने इतिहास बदलतो, म्हणून मौखिक निवेदन टिपताना सारांश न घेता सांगणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे उतरवणे अगत्याचे आहे.

तिसरा मार्ग युद्धोत्तर काळातला. युद्धाच्या अखेरच्या टप्प्यात स्थापन झालेली भारतीय पॅराशूट रेजिमेंट १९४६ मध्ये मोडण्यात आली आणि तिच्याऐवजी प्रस्थापित पायदळी पलटणींतील काही बटालियन छत्रीदलात बदलण्यात आल्या. मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन ही त्यांपैकी एक. केरेन आणि इटली या रणक्षेत्रांचा अनुभव घेतलेली, खुद्द घाडगे यांची ही बटालियन. १९४७-४८ मध्ये ती ब्रिगेडियर महंमद उस्मान यांच्या ५० व्या पॅराशूट ब्रिगेडमधून नौशेरा-झांगर आघाडीवर लढली. १५ एप्रिल १९५२ रोजी नवी पॅराशूट रेजिमेंट स्थापन झाली, तेव्हा हीच बटालियन तिची दुसरी बटालियन ठरली. ११ डिसेंबर १९७१ रोजी टांगाइलजवळ छत्रीने उतरली ती हीच.

हे तीन मार्ग वेगळे करण्यास वस्तूच साहाय्य करतात. पदकांच्या फिती प्रथम पाहाव्यात. लाल, पांढरा, हिरवा, पांढरा, लाल अशा पट्ट्यांची फीत इटली स्टारची. मध्ये लाल, दोहों बाजूंस गडद निळा व त्यात नारिंगी रेघ अशी फीत बर्मा स्टारची. इटली स्टार आणि छत्रीचे पंख एकाच पेटीत असतील, तर तो सैनिक तिसऱ्या बटालियनचा असून त्याचे छत्रीशिक्षण १९४६ नंतरचे असण्याचा संभव पुष्कळ. बर्मा स्टार असून पंख नसतील, तर चौथ्या बटालियनचा विचार आधी करावा. बर्मा स्टार व पंख दोन्ही असतील, तरच १५२ कडे वळणे युक्त ठरेल. अर्थात पेटीत एखादी वस्तू नसणे हा पुरावा दुबळाच. पंख हरवतात, मुले खेळायला नेतात.

चिन्हावरील मुकुट हा दुसरा निर्देशक. १९५० नंतर भारतीय लष्करी चिन्हांवर राजमुकुटाची जागा अशोकस्तंभाच्या सिंहशीर्षाने घेतली. कागदातील स्थलनामे त्याहून बोलकी असतात. छत्रीशिक्षणाचे केंद्र आरंभी दिल्लीच्या विलिंग्डन विमानतळावर होते, ते १९४२ मध्ये रावळपिंडीजवळच्या चकलाला येथे गेले आणि फाळणीनंतर हे शिक्षण आग्र्यास होऊ लागले. सेवापत्रात ‘चकलाला’ हा एक शब्द वाचता आला, तरी उडीचा काळ १९४२ ते १९४७ या मर्यादेत बसतो.

बर्मात ‘छत्रीतून उतरल्या’च्या कथनाचेही येथे परीक्षण केले पाहिजे. भारतीय छत्रीदलाची बर्मातील मोठी उडी अशी एकच : १ मे १९४५ रोजी रंगूनच्या मुखाशी एलिफंट पॉइंट येथे, आणि तीत उतरली ती प्रामुख्याने गुरखा सैनिकांची संयुक्त बटालियन होय. तेव्हा मराठी घरातील हे वाक्य कागदाच्या आधारावाचून स्वीकारता येत नाही. ते खोडून काढण्याची घाईही करू नये. आजोबा बर्मात लढले हे खरे असेल आणि छत्रीतून उतरले हेही खरे असेल. केवळ या दोन गोष्टी एका ठिकाणी घडल्या नसतील. कुटुंबाचा अभिमान ज्यावर उभा आहे ते वाक्य दुरुस्त करताना त्याच्या जागी सांगशाक किंवा झांगर ठेवता येते, आणि त्यात उणेपणा काहीच नाही.

नामरूपांचा प्रश्न भाषाभ्यासकाच्या खास अधिकारातला. सेवापत्रे बहुधा रोमन लिपीत, आणि नावे लिहिणारा कारकून अनेकदा अमराठी. व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी नामदेव जाधव यांचे आडनाव छापील साधनांत ‘जादव’ व ‘जाधाव’ अशा उच्चारांकडे झुकणाऱ्या निरनिराळ्या रोमन रूपांत आढळते. मग साध्या शिपायाच्या नावाचे काय झाले असेल याची कल्पना करावी. म्हणून शोध घेताना महाप्राण गाळून, ‘व’च्या जागी ‘ओ’ घालून, अशी सर्व संभाव्य रूपे आधी मांडून घ्यावीत. जिल्ह्याचे नाव १९८१ पर्यंत कुलाबा होते. रोमन लेखनात ते मुंबईतील लष्करी वस्तीच्या कुलाब्याशी एकरूप होते, आणि महाडचा शेतकरी कागदावर मुंबईकर ठरतो. रेजिमेंटचे नावही कालदर्शक आहे : ‘पाचवी’ हा क्रमांक १९४५ मध्ये गळला आणि ‘मऱ्हाट्टा’ हे जुने रोमन रूप जाऊन ‘मराठा’ हे रूप त्यानंतर रूढ झाले. ‘आजोबा पाचवीत होते’ एवढ्यावरून मात्र काहीच ठरत नाही. ‘पाचवी’ म्हणजे पाचवी मराठा रेजिमेंट, तिची पाचवी बटालियन, की ‘काली पाँचवी’ या टोपणनावाने प्रसिद्ध असलेली तिची दुसरी बटालियन, हे संदर्भानेच कळते.

सैनिकाचा रेजिमेंटल क्रमांक हाती आला की नावाचे हे सर्व घोटाळे मागे पडतात. तो सेवामुक्तीच्या कागदावर, निवृत्तिवेतनाच्या आदेशावर किंवा स्वतंत्र भारताच्या पदकांच्या कडेवर कोरलेला मिळतो. तो घेऊन कुटुंबातील वारसाने बेळगाव येथील मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या अभिलेख कार्यालयाकडे, १९५२ नंतरची सेवा असल्यास बंगळूर येथील पॅराशूट रेजिमेंटच्या कार्यालयाकडे लिहावे. अर्ज वारसाचा असणे इष्ट. युद्धात पडलेल्यांची नोंद राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या सूचीत मिळते, आणि तेथे पुष्कळदा वडिलांचे नाव व गावही दिलेले असते. बटालियनच्या युद्धदैनंदिन्या लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. त्यांत शिपायाचे नाव क्वचित असते, पण तो त्या दिवशी कोणत्या टेकडीवर होता हे कळते.

संग्रहासंबंधी एकच आग्रह धरावा : वस्तू घरातून हलवू नये, तिची नोंद करावी. पेटीतून काढून बाजारात गेलेले पंखांचे चिन्ह आपल्या कागदापासून तुटते, आणि मग नव्या नकलांच्या गर्दीत त्याला काही अर्थ उरत नाही. पदके घासून चकचकीत करू नयेत. कडेवरची अक्षरे झिजतात. प्रत्येक कागदाची दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत, मागील पेन्सिलीचे आकडे विशेषतः सोडू नयेत, आणि तो कोणाकडून कोणाकडे आला ते त्याच वेळी लिहून ठेवावे.

हे काम पुढे ढकलण्यासारखे नाही. २२ जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत महाड शहर पाण्याखाली गेले, त्याच दिवशी तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे दगावली आणि पोलादपूर तालुक्यातही दरडींनी घरे गाडली. जेथे माणसेच गेली तेथे कागदांची गणती कोण करणार? परंतु उरलेल्या घरांतील पेट्या पुढील पावसाळ्यापूर्वी उघडल्या गेल्या, तर निदान क्रमांक तरी उतरवून घेता येतील.