राष्ट्राचे हिशेबनीस : चिंतामणराव देशमुख

आमच्या दोंडाईच्याच्या बाजारांत मिरचीचीं पोतीं काट्यावर चढलीं व भाव ठरला, कीं आडत्या हिशेबपट्टी लिहून देतो. माल गेला, हातीं कागद उरला. त्या कागदाचे रुपये होईपर्यंत शेतकऱ्याच्या जिवाला घोर असतो, हें आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांनीं घरीं पाहिलें असेल. एकदां सबंध देशाचीच अशी अवस्था झाली होती. त्या वेळीं देशाचा हिशेब ज्यांच्या हातीं होता, त्या गृहस्थांची ओळख आम्ही येथें करून देत आहों.

चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजीं महाडजवळ नाते या गांवीं झाला. १९१२ सालीं मॅट्रिकला ते पहिले आले व संस्कृताची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ति त्यांनीं मिळविली. केंब्रिजला मात्र त्यांनीं अभ्यास केला तो वनस्पतिशास्त्राचा! पुढें १९१८ मध्यें आय. सी. एस. परीक्षेंतहि त्यांचा पहिला क्रमांक आला. (परीक्षेंत पहिले येणारे सर्वच पुढें असे निपजत नाहींत, हें आम्हीं पाहिलें आहे.) मध्यप्रांत-वऱ्हाडांत नोकरी करून ते रिझर्व्ह बँकेंत गेले, आणि १९४३ सालीं तिचे गव्हर्नर झाले. त्या जागेवर बसलेले ते पहिलेच हिंदी गृहस्थ.

काळ महायुद्धाचा होता. इंग्लंडनें लढाईसाठीं येथून कापड, ताग, धान्य असा अपार माल उचलला. पण त्याची किंमत येथें न देतां लंडनमध्यें हिंदुस्थानच्या नांवें पौंड जमा केले. इकडे विकणाऱ्यांस तर रुपयेच द्यावयाचे! म्हणून त्या पौंडांच्या आधारावर नोटा छापल्या गेल्या. बाजारांत माल थोडा व नोटा फार. महागाईनें गरिबांचें कंबरडें मोडलें. युद्ध संपलें तेव्हां हें येणें सुमारें १३० कोटी पौंड झालें होतें. सावकार उपाशी आणि ऋणको राज्यकर्ता, असा हा विपरीत मामला होता. १९४४ सालीं अमेरिकेंत ब्रेटन वुड्स येथें जगांतील राष्ट्रांची परिषद भरली, तेथें हिंदी प्रतिनिधींनीं हा प्रश्न काढला. त्यांत चिंतामणराव होते. मागणी मान्य झाली नाहीं. स्वातंत्र्यानंतर तें येणें हप्त्याहप्त्यानें मोकळें होत गेलें.

१९५० च्या जूनमध्यें ते देशाचे अर्थमंत्री झाले. त्यांच्याच कारकीर्दींत, १ जुलै १९५५ रोजीं, इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली आणि पांच वर्षांत ४०० नव्या शाखा उघडण्याचें काम तिच्यावर सोंपविण्यांत आलें.

पुढील जानेवारींत सरकारनें मुंबई शहर महाराष्ट्रास न देतां केंद्राकडे ठेवण्याचें जाहीर केलें. मुंबईंत दंगे झाले, गोळीबार झाला, माणसें मेलीं. कुलाब्यांतून लोकसभेवर निवडून आलेल्या चिंतामणरावांनीं राजीनामा देऊं केला. जुलै १९५६ मध्यें तो मंजूर झाला. लोकसभेंतील निवेदनांत त्यांनीं, हा निर्णय कसा घेतला गेला आणि गोळीबाराची न्यायालयीन चौकशी कां झाली नाहीं, यांवर स्पष्ट बोट ठेवलें. पंडित नेहरूंना तो आक्षेप मान्य नव्हता. खजिन्याच्या किल्ल्या हातीं असतां त्या खालीं ठेवणें सोपें नसतें. चिंतामणरावांनीं त्या ठेवल्या.

आमचा खानदेश तेव्हां मुंबई राज्यांत होता. १ मे १९६० रोजीं मुंबईसह तो महाराष्ट्रांत आला. त्या वेळीं चिंतामणराव दिल्लींत विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्ष होते, व विद्यापीठांना द्यावयाच्या पैशांचा हिशेब पाहत होते.