फास्ट चार्जिंगचं बिल कसं होतं?

युनिट : एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास वीज. चार्जरवरचा ३०, ६० किंवा १२० किलोवॅटचा आकडा वेग सांगतो, दर नव्हे.

एसी आणि डीसी : घरचा एसी चार्जर साधारण ३.३ किंवा ७.२ किलोवॅटचा, रात्रभर लावून ठेवायचा. हायवेवरचा फास्ट चार्जर डीसी. भारतात मोटारींसाठी बहुतेक ठिकाणी सीसीएस-२ प्रकारची गन (प्लग).

हिशेब : समजा, बॅटरी ३० युनिटची आणि चार्जिंग २० टक्क्यांपासून ८० पर्यंत. म्हणजे १८ युनिट. दर युनिटला २० रुपये धरला तर ३६० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटीचे ६४.८० रुपये. एकूण ४२४.८०. घरच्या विजेवर जीएसटी नाही. घर आणि स्टेशन यांच्या खर्चात फरक पडतो तो इथेही.

८० टक्क्यांनंतर बॅटरी जपण्यासाठी वेग उतरतो. पार्किंगचे पैसे वेळेनुसार वेगळे असतील, तर शेवटचे २० टक्के महागात पडतात.

ऊन असताना : केंद्राच्या सप्टेंबर २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार चार्जिंग स्टेशनला सकाळी ९ ते दुपारी ४ या वेळेत वीज सरासरी पुरवठा खर्चाच्या ०.७ पट दराने, इतर वेळी १.३ पट. ही सवलत स्टेशनला. चार्जिंगच्या ॲपवर ग्राहकाला दिसणारा दर स्टेशनचालक ठरवतो.