शकुंतलेच्या दारात, उभ्याने

मुर्तिजापूरला मोठ्या गाडीतून उतरायचं आणि लहान गाडीत चढायचं, हा आमचा उन्हाळ्याच्या सुट्टीचा नेम होता. दर्यापूर आजोळ. बाकं बायाबापड्यांना, म्हाताऱ्यांना आणि बोचक्यांना. आम्ही पोरं दारापाशी उभी. गाडीनं पहिला हिसका दिला की मी दाराची दांडी घट्ट धरून ताठ व्हायचो. मामा एकदा म्हणाला, "गुडघे ढिल्ले ठेव, पोरा. ताठ उभा रायला त मानेले हिसका बसन." मी गुडघे सैल सोडले आणि खरंच, डबा पूर्वीसारखाच डोलत असताना डोकं मात्र जागच्या जागी राहिलं. मामाचं ते वाक्य किती शास्त्रशुद्ध होतं, हे कळायला मला पुढची तीस वर्षं लागली.

यवतमाळ–मुर्तिजापूर–अचलपूर ही ७६२ मिलिमीटर रुंदीची, म्हणजे अडीच फुटी लोहमार्गाची गाडी वऱ्हाडात शकुंतला म्हणून ओळखली जाते. मुर्तिजापूर ते यवतमाळ ११३ किलोमीटर, मुर्तिजापूर ते अचलपूर ७६. मुर्तिजापूर अकोला जिल्ह्यात, दर्यापूर, अंजनगाव आणि अचलपूर अमरावतीत, दारव्हा यवतमाळात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीनं ती बांधली ती माणसांच्या सुखासाठी नव्हे, कापसाच्या गाठींसाठी. वऱ्हाडचा कापूस मुर्तिजापूरला मोठ्या रुळांवर चढायचा, मुंबईला जायचा आणि तिथून बोटीनं मँचेस्टरला. पुढं १९२१ साली मँचेस्टरलाच तयार झालेलं वाफेचं इंजिन १९२३ पासून या मार्गावर धावू लागलं. ते उतरलं १५ एप्रिल १९९४ ला. त्या दिवसापासून डिझेल इंजिन आलं; खालची माती मात्र तीच राहिली.

मला या लेखात सांगायचं आहे ते याच मातीबद्दल, आणि तिच्यावर टेकलेल्या रुळांच्या जोडांबद्दल. गाडी म्हातारी झाली म्हणून हादरते, असं आपण सहज म्हणून जातो. पण लोखंडाला माणसासारखं म्हातारपण येत नाही. झिजते ती चाक आणि रूळ यांच्यातली सोयरीक.

वऱ्हाडची जमीन काळी, कसदार, कापसाला मायेची. ती पाणी पिऊन फुगते आणि उन्हात आक्रसते. मे महिन्यात शेतात पाय घालावा एवढ्या भेगा पडतात, हे कुठल्याही शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. याच मातीच्या भरावावर रूळ असले की दर पावसाळ्यात भराव थोडा वर येतो, दर उन्हाळ्यात थोडा बसतो, आणि सगळीकडे सारखा बसत नाही. गिट्टीखाली पाणी साचलं की गाडीच्या वजनाखाली चिखल वर उसळतो आणि गिट्टी खाली रुतते. मग गँगमन बीटर घेऊन स्लीपरखाली गिट्टी ठोकतात, रूळ उचलतात, पातळी साधतात. हे काम एकदा करून संपत नाही. ते दरवर्षी पिकासारखं घ्यावं लागतं. पण ते घ्यायचं कोणी? स्वातंत्र्यानंतर गाडी मध्य रेल्वे चालवायची, मार्गाची मालकी कंपनीची, आणि कंपनीला मोबदला द्यायचा, अशी व्यवस्था कित्येक दशकं चालली. माझ्या मते शकुंतलेचं दुखणं इथं आहे. ज्याची गाडी त्याचा रूळ नव्हता, आणि ज्याचा रूळ त्याला त्यावरून जायचं नव्हतं.

रुळांचे जोड ही दुसरी गोष्ट. दोन रूळ फिशप्लेटनं जोडतात आणि मध्ये फट ठेवतात, कारण पोलाद तापलं की वाढतं. हिवाळ्याच्या पहाटे रूळ १० अंशांवर असेल आणि अकोल्याच्या मे महिन्यात उन्हात ६० अंशांवर गेला, तर १० मीटरचा रूळ जवळपास ६ मिलिमीटर लांबतो. फट हवीच. पण त्या फटीवरून प्रत्येक चाक आपटतं, रुळाचं टोक थोडं थोडं खाली वाकतं, जोडाखालची गिट्टी कुटली जाते, खड्डा पडतो, आणि पुढचं चाक आणखी जोरात आपटतं. हादरा हादऱ्याला जन्म देतो.

यावर शकुंतलेच्या वाट्याला आलेला उपाय एकच: वेग कमी करा. ७६ किलोमीटरला सुमारे चार तास, म्हणजे ताशी १९ च्या आसपास. त्यानं अपघाताचा धोका कमी झाला हे खरं, आणि तो कमी व्हायलाच हवा होता. पण सुख वाढलं का? आकडा मांडून पाहा. ताशी १८ म्हणजे सेकंदाला ५ मीटर. जोड १० मीटरवर असतील तर दर दोन सेकंदांनी एक धक्का, आणि एका बाजूचा जोड दुसऱ्या बाजूपेक्षा जास्त बसलेला असेल तर त्याच ठेक्यात डबा डावी-उजवीकडे कलतो. माणसाला आडवा झोका सगळ्यांत जास्त जाणवतो तो सेकंदाला अर्धा ते दोन वेळा आला तर. मानवी शरीरावरच्या कंपनांचं आंतरराष्ट्रीय मानक हेच सांगतं. उभा धक्का त्याहून बराच जलद, सेकंदाला चार ते आठ वेळा आला की पोटात कालवतं. म्हणजे गाडी हळू केली तेव्हा हाडं मोडणारा धक्का गेला आणि डोलवणारा झोका उरला. शकुंतलेत लेकरं झोपायची आणि दारातल्या माणसाला मळमळायचं, ती याच झोक्याची दोन रूपं.

बसलेला आणि उभा माणूस हे दोन वेगळे प्रवासी आहेत. बसलेल्याला बाक आणि भिंत सावरते. उभ्याचं वजन दोन पावलांएवढ्या जागेवर, आणि डोकं तिथून पाच-साडेपाच फूट वर. खाली बोटभर हललं की वर वीतभर. युरोपात रेल्वेप्रवासाचं सुख मोजताना उभ्या आणि बसलेल्या प्रवाशासाठी सूत्रंच वेगळी धरतात, आणि वळणावर उभ्याचं सूत्र जास्त कडक असतं. आपल्याकडं लखनौची आरडीएसओ ही रेल्वेची संशोधन संस्था जर्मनीतल्या स्पर्लिंग यांच्या निर्देशांकानं डबा जोखते. हा आकडा जितका वाढेल तितका त्रास जास्त. प्रवासी डब्याला ३.५ ही मर्यादा, आणि ३.२५ च्या आत असेल तर उत्तम. तो निर्देशांक डब्याची जमीन किती हलते ते मोजतो. दारातल्या पोराचे गुडघे ताठ आहेत की सैल, हे कोणत्याच यंत्राला कळत नाही.

सर्वस्वी वेगळ्या जगात, केवळ मौजेसाठी बांधलेल्या रुळांवर, हाच प्रश्न उभा राहिला होता. अमेरिकेत ओहायोतल्या सीडर पॉइंट या उद्यानात १९९६ साली 'मँटिस' नावाचा रोलर कोस्टर सुरू झाला. त्यात लोक उभ्यानं बसत, म्हणजे सायकलच्या सीटसारख्या आधाराला टेकून, खांद्यावर जाड कवच ओढून. उंची ४४ मीटर, वेग ताशी ९७ किलोमीटरच्या आसपास. अशा गाडीचं चाक तीन बाजूंनी रुळाला धरतं: एक वरून, एक बाजूनं, एक खालून. बाजूचं चाक झिजून फट वाढली की गाडी रुळातल्या रुळात थडथडते, आणि उभ्या माणसाची मान कवचावर आपटते, कारण खांदे जखडलेले असताना गुडघ्यांना सैल व्हायला जागाच उरत नाही. मामाचा सल्ला तिथं पाळताच आला नसता. शेवटी २०१४ मध्ये मँटिस बंद झाला. रूळ तेच ठेवले, गाड्या बदलल्या, आणि २०१५ मध्ये 'रुगारू' या नावानं तोच मार्ग बसून जाणाऱ्यांसाठी सुरू झाला. खोपोलीच्या इमॅजिकात नायट्रोवर बसलेल्या वाचकांना हा प्रकार कळेल; पायाखाली जमीन नाही, पाय अधांतरी, पण पाठ टेकलेली.

तिथं माणसाला बसवून प्रश्न सोडवला. रूळ पोलादी खांबांवर होते, माती काही दरवर्षी फुगत नव्हती, म्हणून ते जमलं. इथं १९९४ ला इंजिन बदलून तो सुटला नाही, कारण दुखणं इंजिनात नव्हतंच.

गेल्या दशकात शकुंतला बंद पडली. मध्यंतरी मी दर्यापूरच्या रुळांवर गेलो होतो. एका जोडाच्या फटीत रुपयाचं नाणं अलगद उभं राहिलं. पलीकडच्या जोडात दोन्ही टोकं एकमेकांना चिकटली होती. दोन जोडांमध्ये जेमतेम काही पावलांचं अंतर. स्लीपरच्या मधून बाभळीची रोपं गुडघाभर आलेली, आणि गिट्टी शोधायला काडीनं माती उकरावी लागली.

मार्ग मोठा करावा, ही मागणी जुनी आहे. लहान गाडीच वारसा म्हणून पुन्हा धावावी असं म्हणणारेही आहेत. मला दोन्हींपैकी काहीही चालेल. पण रूळ टाकण्याआधी काळ्या मातीवर मुरमाचा आणि वाळूचा पुरेसा जाड थर द्या, पाणी बाजूला काढणारे चर खणा, आणि ते दर पावसाळ्याआधी साफ करणारी माणसं नेमा. पहिल्या गाडीची चाचणी घ्याल तेव्हा यंत्रं डब्यात ठेवाच, आणि सोबत दर्यापूर ते अंजनगाव एक म्हातारी आणि एक लेकरू दारापासून आत, दांडी धरून, उभं करून पाहा.